दोन श्रावण

आर्णी, १८ ऑगस्ट १९५८

मैनाबाई यांस,

नमस्कार. आपण एकमेकींना कधी पाहिलेले नाही. मी इंदू. तुमची बबनरावांशी काडीमोड झाली आणि त्यानंतर त्यांच्या घरात मी आले, एवढे सांगितले की ओळख पुरे. हे पत्र मी त्यांना न विचारता लिहिते आहे.

परवा ते कळंबला चिंतामणीच्या देवळात सकाळपासून बसून होते. मुलीला द्यायचे-घ्यायचे ते तिथेच, देवासमोर, असे पंचांनीच ठरवून दिले आहे. श्रावण संपला म्हणून ते कौसल्येला आणायला गेले. तुम्ही आला नाहीत. शेवटच्या मोटारीने परत आले आणि छत्री अंगणात भिरकावली. म्हणाले, "एक म्हंजे एक. पंचायनं श्रावण म्हटलं, दोन श्रावण नाई म्हटलं."

चूक पंचांची आहे. गेल्या साली पाच शहाणी माणसे देवळात बसली, श्रावण आणि दिवाळी आईकडे, बाकीचे साल बापाकडे, असा कागद केला आणि एकालाही पंचांग उघडावेसे वाटले नाही. यंदा अधिक मास आला आणि श्रावण दोन झाले. तुम्ही पहिल्या श्रावणाला मुलगी नेलीत आणि आता म्हणता की तो धोंड्याचा महिना होता, खरा श्रावण आत्ता लागला. हे म्हणतात, महिना झाला, पोरगी आणा.

आता ते यवतमाळला वकिलाकडे निघाले आहेत. श्रावणही नको, दिवाळीही नको, मुलगी कायमची माझी, असे कोर्टाकडून लिहून घ्यायचे त्यांच्या मनात आहे. मला वकिलाचा कंटाळा आहे, मैनाबाई. वर्षभर या घरात सकाळ-संध्याकाळ जेवताना तुमचेच नाव निघते. कधी कधी वाटते, माझे लग्न यांच्याशी नाही, तुमच्याशीच लागले आहे. मुलीला नागपंचमी झाली की पाठवून द्या. मी वकील थांबवते.

इंदू

कळंब, २५ ऑगस्ट १९५८

इंदूबाईस,

तुमचे पत्र आधी माझ्या भावाने, रामरावाने फोडले, मग मला मिळाले. यापुढे लिहाल तर तेवढे ध्यानात ठेवून लिहा.

पोरगी मी पोळ्यापर्यंत देणार नाही. धोंड्याच्या महिन्यात कुणी लग्न करत नाही, घर बांधत नाही, बैलसुद्धा विकत घेत नाही. जो महिना कशातच धरत नाहीत, तो माझ्या पोरीच्याच बाबतीत बरा धरता. नागपंचमी, राखी, पोळा सारे या श्रावणात आहे. मागच्या महिन्यात होते काय? नुसता चिखल. या सालचा श्रावण मला पुरा पाहिजे. कारण विचारू नका.

तुम्ही चांगल्या बाई असाल. शिकलेल्या आहात, मास्तरीण होता असे ऐकले. पण पोरगी इथे येते तेव्हा तिच्या कानामागे मळ असतो. ती सांगते की तिकडे दुधावरची साय मांजराला घालतात आणि तिला ताक देतात. हे ऐकून मी काय करावे? वकील करायचा तर करा. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार?

मैना

आर्णी, २० सप्टेंबर १९५८

मैनाबाई यांस,

कौसल्या पोहोचली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच आली, हातात मामाने केलेला लाकडी बैल होता. गल्लीतली मुले आपापले बैल घेऊन निघाली तेव्हा तिलाही पाठवले. ती गेली आणि बैल दुसऱ्याच मुलीला देऊन आली. का, ते सांगितले नाही.

कानामागच्या मळाबद्दल तुमचे बरोबर आहे. ती मला हात लावू देत नाही आणि मी जबरदस्ती करत नाही. त्यापुढची गोष्ट अशी. ती येते तेव्हा तिचे गाठोडे सोडत नाही. मी कपडे काढून खुंटीला लावते, ती पाणी प्यायला गेल्यासारखी जाते आणि परत काढून गाठोड्यात बांधते. गेल्या साली दिवाळीपर्यंत तसेच होते. गाठोडे उशाला घेऊन निजते. जेवायला बसवले की भाकरीकडे पाहत राहते. हे तिला दटावतात, मग ती अजिबातच खात नाही आणि हे ओसरीवर जाऊन बसतात. माणूस वाईट नाही, पण मुलीशी बोलायचे कसे हे त्यांना ठाऊक नाही, आणि त्याचा राग ते तुमच्यावर काढतात.

परवा तिने मला सांगितले की मामाकडे दुधावरची साय मांजराला घालतात आणि तिला ताक देतात.

मी तुमचे पत्र काढून पुन्हा वाचले. शब्दसुद्धा तेच आहेत. मैनाबाई, आमच्याकडे मांजर नाही. तुमच्याकडे आहे का?

आणखी एक. ती तुमच्याकडे जेवते कशी, तेवढे कळवा. पत्रातल्या तुमच्या शेवटच्या वाक्याला मी उत्तर देत नाही.

इंदू

कळंब, २ ऑक्टोबर १९५८

इंदूबाईस,

आमच्याकडेही मांजर नाही. भावजयीला मांजराचा तिटकारा आहे, दारातून हाकलते.

पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचले. तिने मांजर कुठून आणले असेल, हेच डोक्यात होते. एकदा वाटले तुम्ही बनवून सांगता. एकदा वाटले, हे सारे तुम्ही कोर्टात दाखवायला माझ्याकडून लिहून घेता. मग वाटले, घेऊ दे. मीही थकले आहे.

तर लिहा कोर्टात की कौशी भाकरी कुस्करून दिली तर खात नाही. चतकोर मोडून तिच्या हातात द्यायची, वर बेसन लावलेल्या भाजीचे पातळ आलन वाढायचे, आणि आपण दुसरीकडे पाहायचे. कापूस निवडा, भांडे घासा, काही करा. तोंडाकडे पाहिले की तिचा घास थांबतो. लहानपणी तिच्या जेवणावरून माझे आणि माझ्या सासूचे रोज भांडण व्हायचे, दोघी दोन बाजूंनी तिच्या तोंडाकडे पाहत बसायचो. त्याचे आहे ते.

आणि तिला कौसल्या म्हणू नका. कौशी म्हणा. कौसल्या म्हटले की तिला वाटते रागावलात.

मैना

आर्णी, ३ नोव्हेंबर १९५८

मैनाबाई,

कौशी जेवते. मी भुईमुगाच्या शेंगा सोलत भिंतीकडे तोंड करून बसते आणि मागून चावण्याचा आवाज येतो. इतके बरे मला खूप दिवसांत वाटले नव्हते. यांनी विचारले, "हे काय नवीन?" मी म्हटले, तुम्हीही पाठ करून बसा. बसले बिचारे. आता आमच्या घरात तिघे तीन भिंतींकडे पाहून जेवतो. पाहुणा आला तर आम्हाला वेड लागले म्हणेल.

मांजराचे विचारले. रागावले नाही, वेणी घालताना विचारले. आता वेणी घालू देते. म्हटले, कौशी, खोटं काहून सांगतं वं? तिने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिते. "तिकडलं बरं सांगतलं का तुमचं तोंड उतरते. मायचंबी उतरते. मंग मी वाईट सांगतो."

मी वेणी सोडली आणि पुन्हा घातली. दुसरे काय करणार? आपण दोघी मोठ्या बायका, आणि आपली तोंडे सांभाळायचे काम सात वर्षांच्या मुलीकडे.

दिवाळीला तिला पाठवते. आता कडू गोष्ट. कळंबच्या बाजारात यांना कुणी सांगितले की रामराव तुमच्यासाठी स्थळ पाहत आहेत, वणीकडचे. पंचांच्या कागदात ओळ आहे: मैनाबाईने पाट लावल्यास मुलीवरचा तिचा हक्क राहणार नाही. बापाने दुसरे लग्न केले तर काय, हे पंचांना सुचलेच नाही. हे ती बातमी घेऊन हसत घरी आले. वकिलाची गरजच उरली नाही म्हणाले. ऐकून मलाही हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही. खरे आहे का ते?

इंदू

कळंब, २० नोव्हेंबर १९५८

इंदूबाईस,

खरे आहे.

मागच्या आखाडातच बोलणे झाले होते. वणीला कोळशाच्या खाणीवर मुकादम आहेत, फकिराजी. बायको वारली, दोन मुलगे मोठे आहेत. मार्गशीर्षात पाट आहे. माणूस शांत वाटला. त्यांना कौशीचे ठाऊक आहे. पण त्यांच्या आईने आधीच सांगितले: "मागचं लेकरू आमच्या दारात नाई पायजे. नावबी नाई पायजे." रामरावाने हो म्हटले. मीही हो म्हटले.

तुम्ही म्हणाल, कशाला म्हटले. भावजयीच्या घरात पाच वर्षे काढून बघा. मी दळते, मी पाणी भरते, मी कापूस वेचते, आणि कढईत तेल जरा जास्त पडले की सारे माझ्याकडे पाहतात. ती वाईट नाही. तिचेही घर आहे. मी तिशीची नाही अजून. म्हातारी होईपर्यंत त्या चुलीच्या कोपऱ्यात बसायचे नाही मला.

दोन्ही श्रावण मी का घेतले ते आता तुम्हाला कळले. धोंड्याचा महिना देवाचा, चिखलाचा, मी सारे काही बोलले. मला ठाऊक होते की पुढचा श्रावण माझा नाही. या सालीच दोन आले, तर मी दोन्ही घेतले. देवाने दिला असे वाटले.

दिवाळीत कौशीला मी काही सांगितले नाही. तिने गाठोडे सोडून कपडे फळीवर ठेवले होते. पहिल्यांदाच. मी ते पाहत बसले. जाताना तिनेच बांधले.

आता तुमचे घर निवांत झाले. कागद तुमच्या बाजूचा आहे. तिच्या डोक्याला एरंडीचे तेल लावत जा, थंडीत कोंडा होतो.

मैना

आर्णी, ८ डिसेंबर १९५८

मैनाबाई,

तुम्ही एकदा लिहिले होते, तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार. आता उत्तर देते.

मला मुलगी आहे. गोदी. कौशीपेक्षा थोडी मोठी. माझा पहिला नवरा तापाने गेला. चार वर्षे मी त्याच घरात राहिले, शाळेत शिकवले, पगार सासऱ्यांच्या हाती दिला. मग माझ्या वडिलांनी बबनरावांचे स्थळ आणले. सासरे म्हणाले, "तुले जायाचं तं जाय. पोरगी आमच्या घरची." दिग्रसकडे गाव आहे, आर्णीहून फार लांब नाही. निघाले तेव्हा ती अंगणात चिंचोके खेळत होती. मी गावाला जाते म्हटले, तिने मान वर न करता बरं म्हटले. पुन्हा दारात यायचे नाही अशी अट होती. मी पाळली. का पाळली ते मला आज सांगता येत नाही. सगळे पाळतात म्हणून पाळली असेल.

यांना ठाऊक आहे. ते तो विषय काढत नाहीत, त्यांना वाटते त्यात माझ्यावर उपकार आहे.

म्हणून कौशीच्या गाठोड्याला मी पहिल्यापासून हात लावायला भीत होते. आणि म्हणून त्या कागदातल्या ओळीने मला निवांत वाटत नाही. माझ्या घरात ती ओळ एकदा चालली. दुसऱ्यांदा माझ्याच हातून चालवायची, हे मला जमणार नाही.

तुम्ही पाट लावा. सुखाने नांदा. मला थोडा वेळ द्या. मी भांडकुदळ बाई नाही, पण चिकट आहे.

इंदू

वणी, २८ मार्च १९५९

इंदूबाई,

पत्ता कळावा म्हणून लिहिते. ठीक आहे. वाळत घातलेले लुगडे संध्याकाळी काढले तर त्यावर कोळशाची काळी भुकटी असते, तेवढी झटकून घ्यायची. माणूस बोलत कमी, पण जेवताना माझ्यासाठी राहिले का ते पाहतो. सासूबाई कडक आहेत. कौशीचे नाव मी या घरात एकदाही घेतलेले नाही. न्हाणीत घेते.

होळीला तिने गाठी घातली का? उत्तर नाही दिले तरी चालेल.

मैना

आर्णी, १ ऑगस्ट १९५९

मैनाताई,

गाठी घातली होती, आणि संध्याकाळपर्यंत खाऊनही टाकली. उत्तराला उशीर केला, कारण हाती काही असल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

यांच्याशी मी भांडले नाही. फक्त रोज विचारत राहिले. सकाळी शेतात निघताना, संध्याकाळी पाय धुताना. श्रावण आला की कौशी कुठे जाणार? ते म्हणत, "कागद पाह्य." मी म्हणे, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आखाडी झाली त्या दिवशी ते मोटेवरून आले आणि वैतागून म्हणाले, "तुले काय करायचं ते कर. मले इचारू नोको." मग पाणी प्याले आणि जरा वेळाने म्हणाले, "पोरगी आजकाल घास घेते. ते तिच्या मायनं सांगतलं होतं नं?" मी हो म्हटले. त्यांना सारे ठाऊक आहे. न विचारणे एवढेच त्यांना देता येते, तेवढे त्यांनी दिले.

आता तुमचे घर. तुमच्या सासूबाईंना मागचे लेकरू नको. पण बहीण श्रावणात भेटायला आली तर तिला दारातून कुणी परत पाठवत नाही. एका नवऱ्याच्या दोघी बहिणीच म्हणवतात, तेव्हा यात फार खोटे नाही. मी तुमची बहीण आणि माझ्यासोबत माझी मुलगी. नागपंचमीला येऊन चार दिवस राहू.

यात एक काटा आहे. तो तुमच्यापासून लपवत नाही. कौशीला तुम्हाला मावशी म्हणावे लागेल. मी तिला सांगितले. तिने विचारले, "अन् तुमाले?" मी म्हटले, आई. ती बराच वेळ लाकडी पाटावर बोटाने रेघा ओढत होती. मग म्हणाली, "मले येते." तिला असले येते हे आपल्याला ठाऊकच आहे. आपणच शिकवले.

नको असेल तर नको म्हणा. मी समजेन.

इंदू

वणी, ५ ऑगस्ट १९५९

इंदू,

या. घरात सांगितले आहे, मोठी बहीण येते. मोठी तू हो, मला मोठेपणाचा कंटाळा आला. आपला बाप एकच आणि तो कळंबचा, तेवढे ध्यानात ठेव.

तिने मला काहीही म्हणावे. यावे फक्त.

मैना

वणी, १८ ऑगस्ट १९५९

इंदू,

तुम्ही गेल्यावर दोन गोष्टी झाल्या.

चार दिवसांत ती एकदाही चुकली नाही. मावशी पाणी दे, मावशी झोका दे. मलाच ओ द्यायला उशीर व्हायचा. पंचमीला मेंदी लावताना तिचा हात माझ्या हातात होता आणि ती गल्लीतल्या पोरींना सांगत होती, "हे माही मावशी हाये." मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की काय सांगू. मग तू चुलीजवळ तोंड फिरवून उभी दिसलीस. मग नाही आला.

मोटार गेल्यावर सासूबाई ओसरीवर सुपारी कातरत म्हणाल्या, "तुह्या बहिणीची पोर तं तुह्यावरच गेली हो. हनुवटी पाह्य." त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "पुढच्या सालीबी बलाव. परकर आखूड झाला तिचा, खण देऊ." आणि उठून आत गेल्या.

दुसरी गोष्ट. खुंटीवर तिची चोळी राहिली आहे, निळी. ती विसरणारी पोर नाही. परत पाठवू का ते कळव.

मैना

आर्णी, २९ ऑगस्ट १९५९

मैना,

चोळी पाठवू नकोस. मीही खुंटीवर पाहिली होती आणि काही बोलले नाही.

तुला माझा राग आला तेव्हा माझे काय होत होते, तेही सांगून टाकते. ती मला आई म्हणाली तेव्हा माझ्या जिवाला फार गोड लागले. चोरीचे होते, तरी लागले. आणि लगेच गोदी आठवली. तिथे ती कुणाला काय म्हणत असेल? येत्या माघात मी दिग्रसकडे जाणार आहे. दारात जायचे नाही अशी अट आहे, विहिरीवर जायचे नाही अशी नाही. तू सोबत येशील तर बरे होईल. दोघी बहिणी म्हणून जाऊ.

तुला जे दिसले नाही तेवढे सांगून पत्र संपवते. मोटार वणीच्या बाहेर पडली, तुम्ही दिसेनासे झालात. कौशी माझ्या मांडीला टेकून बसली होती. मग मला हलवून हळूच विचारले, "आता तं माय म्हणू नं?"

मी म्हटले, म्हण.

तिने खिडकीकडे तोंड केले आणि म्हणायला लागली. माय, माय. मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात. चार दिवसांचे साठले होते तेवढे. समोरच्या बाईने विचारले, "पोरगी काय पुटपुटते वं?" मी म्हटले, पाठांतर करते. यवतमाळ येईपर्यंत ती म्हणत होती. मी दुसरीकडे पाहत बसले.

इंदू